कुणाच्या मेंदूत, कोणत्या वयात?

(मंडळाच्या मेळाव्यातील भाषण, संपादित)

नमस्कार मंडळी.

पत्रिकेत माझी ओळख ‘महिलांच्या मेंदूच्या तज्ज्ञ’ अशी छापली आहे. ते वाचून दोघा काकांनी मला दारातच गाठलं, ‘मग आम्हालाही जरा समजावून सांगा.’ काका, ते मला जमणार नाही. माझं काम त्याहून बरंच सोपं आहे. पाळीच्या चक्रात, गरोदरपणात आणि पाळी जाताना हार्मोन्स वरखाली होतात, तेव्हा मेंदूत काय घडतं, एवढंच मी बघते.

हा विषय घेतला तेव्हा एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘हुशार आहेस, स्मरणशक्तीवर काम कर. हे बायकांचं कशाला?’ गंमत म्हणजे मी स्मरणशक्तीवरच काम करत होते. १९९० मध्ये कॅथरीन वूली, एलिझाबेथ गूल्ड आणि ब्रूस मॅकइवेन यांनी मादी उंदरांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी घडवणारा भाग, सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. तिथल्या चेतापेशींच्या फांद्यांवर बारीक काटे असतात. दुसऱ्या पेशीचा निरोप त्यांच्यावर पोचतो. उंदरांचं चक्र चार-पाच दिवसांचं. तेवढ्यात हे काटे दाट होत होते आणि पुन्हा विरळ होत होते. पूर्ण वाढलेल्या मेंदूत! ते निबंध वाचल्यावर मला दुसरा विषय सुचलाच नाही.

तरी प्रयोगशाळांत नर उंदरांचंच राज्य होतं. एकाच लिंगाचे प्राणी वापरणाऱ्या मेंदूविषयक अभ्यासांत एका मादी-अभ्यासामागे साडेपाच नर-अभ्यास, असं २०११ मधल्या एका पाहणीत दिसलं. कारण काय, तर चक्रामुळे माद्यांचे निकाल फार हलतात. मग २०१४ मध्ये २९३ शोधनिबंधांमधले आकडे कुणीतरी खरोखर तपासले. माद्यांचे निकाल नरांपेक्षा जास्त हलत नव्हते. इतकी वर्षं ही समजूत चालत आली होती, आणि तिच्यावर प्रयोगांचे आराखडे ठरत होते.

माणसांत याचा परिणाम काय होतो, ते झोपेच्या गोळीवरून कळतं. झोल्पिडेम अमेरिकेत १९९२ मध्ये मंजूर झालं. बायकांच्या शरीरातून ते सावकाश बाहेर पडतं, त्यामुळे सकाळी गाडी चालवताना त्याचा अंमल शिल्लक राहू शकतो. बायकांसाठी डोस दहा मिलिग्रॅमवरून पाचवर आणायची सूचना आली २०१३ मध्ये. म्हणजे वीस वर्षांनी.

आता लोकांशी बोलण्याकडे मी कशी वळले ते सांगते, कारण संयोजकांना खरं तर तेच हवं आहे.

२००२ मध्ये अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या अभ्यासातला, पाळी गेलेल्या बायकांना इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन या हार्मोनच्या गोळ्या देण्याचा भाग मध्येच थांबवला गेला. पुढच्या वर्षी त्याच अभ्यासाच्या एका शाखेतून बातमी आली, या गोळ्यांनी डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, धोका दुप्पट होतो. आकडा खरा होता. पण त्या शाखेतल्या सगळ्या बायका पासष्ट किंवा त्याहून मोठ्या होत्या. पाळी जाऊन त्यांना पंधरा-वीस वर्षं झालेली. बातमीतून वय गळलं आणि धोका तेवढा उरला. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी रात्र रात्र घामाने भिजून उठणाऱ्या बाईलाही तेच उत्तर मिळू लागलं. कितीतरी डॉक्टरांनी गोळ्या लिहिणंच सोडलं.

आज वारं बरोबर उलटं फिरलंय. हार्मोन सुरू करा, अल्झायमर टळेल, असं सांगणारे व्हिडिओ तुमच्याही फोनवर येत असतील. पाळी गेल्यावर लवकर गोळ्या सुरू केलेल्या बायकांवर कीप्स नावाची चाचणी झाली. चार वर्षांत स्मरणशक्तीला अपाय दिसला नाही, आणि फायदाही दिसला नाही. यातलं पहिलं अर्धं वाक्य विकलं जातं, दुसरं नाही. मला या मंडळींचा राग त्या जुन्या मथळ्यांपेक्षा जास्त येतो, कारण यांना माहिती असते.

गरोदरपणाचंही तसंच. पहिलटकरणींच्या मेंदूतलं ग्रे मॅटर, म्हणजे चेतापेशींनी भरलेला करडा भाग, काही ठिकाणी कमी होतो आणि हा बदल किमान दोन वर्षं टिकतो, असं एल्सलिन हुकझेमा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. त्यावर ‘आईचा मेंदू आकसतो’ असे मथळे झाले. एका व्याख्यानानंतर सातव्या महिन्यातली एक मुलगी थांबली होती. तिने हळूच विचारलं, ‘मॅडम, मग मी पूर्वीसारखी होईन ना?’ त्याच अभ्यासात स्मरणशक्ती घटल्याचं दिसलं नव्हतं, आणि बदल मुख्यतः दुसऱ्याच्या मनातलं ओळखायला लागणाऱ्या भागांत होते. हे तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. २०२४ मध्ये एलिझाबेथ क्रॅस्टिल या शास्त्रज्ञ बाईंच्या स्वतःच्या मेंदूचे गर्भधारणेआधीपासून बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत काढलेले सव्वीस स्कॅन प्रसिद्ध झाले. आठवड्यागणिक काय बदलतं ते त्यातून नीट दिसलं. एकाच बाईचे आहेत, म्हणून मी त्यावरून सगळ्यांबद्दल बोलत नाही. तुम्हीही फॉरवर्ड करताना तेवढं पाहा.

शेवटी, सकाळपासून तिघींनी विचारलं म्हणून पाळी जाताना येणाऱ्या गरम वाफांबद्दल. त्या मेंदूतून येतात. हायपोथॅलॅमस या मेंदूच्या तळाशी असलेल्या भागात काही चेतापेशींवर इस्ट्रोजेनचा लगाम असतो. तो सुटला की त्या फुगतात आणि शरीराचं तापमान सांभाळणाऱ्या केंद्राला उगाच चाळवतात. नेओमी रान्स या शास्त्रज्ञ बाईंनी रजोनिवृत्त स्त्रियांच्या मेंदूत या फुगलेल्या पेशी पाहिल्या, त्यावर वर्षानुवर्षं काम केलं, आणि २०२३ मध्ये अमेरिकेत फेझोलिनेटंट हे गरम वाफांवरचं, हार्मोन नसलेलं औषध आलं. त्यासोबत यकृताच्या रक्ततपासण्या कराव्या लागतात, तेव्हा मैत्रिणीच्या डबीतली गोळी घेऊन बघू नका.

आता प्रश्न विचारा. रिपोर्ट मात्र पर्समध्येच ठेवा. मी पीएचडीवाली डॉक्टर आहे, प्रिस्क्रिप्शन लिहिणारी नाही.