थोमा पुन्हा मंडळीत आला

श्रोते बंधुभगिनींनो, प्रभू येशूच्या नावाने सलाम.

पुनरुत्थानाच्या दिवशी संध्याकाळी शिष्य दारं लावून बसले होते. भीतीच तशी होती. त्या बंद घरात प्रभू आले, हातांवरच्या खुणा दाखवल्या आणि त्यांच्यातला एक शिष्य, थोमा, नेमका तेव्हा तिथे नव्हता. कुठे होता, ते योहान आपल्या शुभवर्तमानात सांगत नाही. दुःखात माणसाला कुणी नकोसं होतं, तसंच काही झालं असेल. बाकीच्यांनी त्याला सगळं सांगितलं. पण खिळ्यांच्या खुणांत बोट घातल्याशिवाय मी विश्वास ठेवायचा नाही, असं तो म्हणाला.

त्याच्या संशयावर आपण पुष्कळ प्रवचनं ऐकली आहेत. मला त्याच्या पुढची गोष्ट फार मोलाची वाटते. आठ दिवसांनी शिष्य पुन्हा जमले, तेव्हा थोमा त्यांच्यात होता. विश्वास बसलेला नव्हता, तरी आला. आणि 'आधी विश्वास ठेव, मग ये' असं म्हणून कुणी त्याला दाराबाहेर ठेवलं नाही. प्रभूला तो वाटेत एकटाही भेटू शकला असता. पण 'माझ्या प्रभू, माझ्या देवा' हे शब्द त्याच्या तोंडून निघाले ते सगळ्यांच्या देखत.

म्हणून ज्यांचा विश्वास सध्या डळमळला आहे, घरातलं माणूस गेलंय, प्रार्थनेला उत्तर मिळत नाही, त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: अशा वेळी मंडळी सोडू नका. गीत म्हणवत नसेल तर नुसते बसा. शेजारच्या मावशी तुमच्या वाट्याचंही कडवं म्हणतील.

एकत्र मिळणं सोडू नका, असं बायबलमधल्या 'इब्री लोकांस पत्र' यात लिहिलंय. ज्यांना ते लिहिलं, त्यांची मालमत्ता लुटली गेली होती, त्यांची माणसं तुरुंगात पडली होती.

अर्थात, नुसतं जमून भागत नाही. करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या, म्हणजे प्रभूच्या आठवणीत भाकर नि द्राक्षारस घेण्याच्या वेळी काही जण आधीच पोटभर जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. एकमेकांची वाट पाहा, असं प्रेषित पौलाने त्यांना पत्रातून खडसावलं. आपल्याकडे ही पंगत जुळायला काय सोसावं लागलं, ते लक्ष्मीबाई टिळकांनी लिहून ठेवलंय. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याजवळ राहायला आल्या, तरी सोवळं सुटलं नव्हतं, पाणीसुद्धा वेगळं. जातिभेद देवाने केलेला नाही, हे मनापासून पटलं तेव्हाच ते सुटलं आणि 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. आज आपण एका बाकावर बसतो. तरी कुणाच्या घरी चहा घ्यायचा नि कुणाच्या नाही, हे काही ठिकाणी अजून चालतं. ते थांबलंच पाहिजे.

अंथरुणाला खिळलेल्या श्रोत्यांशीही मला बोलायचंय. इ.स. 150 च्या सुमारास ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर यांनी रोममध्ये रविवारच्या उपासनेचं वर्णन लिहिलं. शास्त्रवाचन, बोध, प्रार्थना, मग भाकर आणि द्राक्षारस. जे येऊ शकले नाहीत, त्यांचा वाटा मंडळीचे सेवक घरी पोहोचवत. तुम्ही संकोच करू नका. पाळकांना निरोप धाडा, प्रभुभोजन घरी मागा. तो तुमचाच वाटा आहे.

आणि जे चालतेफिरते आहेत, त्यांनी येत्या रविवारी भक्ती सुटल्यावर लगेच गाडीला किक मारू नये. कोण आलं नव्हतं, ते विचारा आणि दुपारी त्या घरी जाऊन या.