खोली पाहायला मंगळवारी जा

(दृश्य: पहाटेचा अंधार. गावच्या चौकात उभी असलेली एसटी. चुलीचा धूर.)

भिवापूर तालुक्यातल्या आमच्या गावात एसटीची मुक्कामी गाडी येते. रात्री साडेआठला येते, पहाटे साडेपाचला निघते. तिचा सेल्फ मारल्याचा आवाज आला की गाव उठते. आत कोण कोण असते? मिरची तोडायला दुसऱ्या गावी निघालेल्या बाया, उमरेडच्या कॉलेजची पोरे, तहसीलला कागद घेऊन निघालेले म्हातारेबाबा. आणि अलीकडे पाठीवर बॅग, हातात डबा घेतलेली मुले-मुली. नागपूरला कामाला लागलेली.

आमच्याकडे शब्द आहे अप-डाऊन. सकाळी शहरात, रात्री घरी. उमरेडच्या माणसाला ते जमते. महिलांना १७ मार्च २०२३ पासून एसटीत अर्धे तिकीट झाल्यापासून उमरेडच्या कितीतरी मुलींनी खोली सोडून अप-डाऊन धरले. पण भिवापूर नागपूरपासून साधारण ७५ किलोमीटर. त्यापुढे फाट्यापासून आत आमचे गाव. जायला दोन-अडीच तास, यायला तेवढेच. चार-सहा महिने जिद्दीने केले तरी शरीर एक दिवस नाही म्हणते. मग घरात विषय निघतो, की नागपुरात खोली करावी लागेल.

ही फिल्म त्या खोलीबद्दल आहे. ती कुठे घ्यायची, हे आमच्या घरात तीनदा ठरले आणि दोनदा चुकले.

(दृश्य: दिघोरी चौक, सकाळची वाहतूक.)

माझ्या धाकट्या भावाला आयटीआय झाल्यावर हिंगणा एमआयडीसीत काम मिळाले. बाबांनी पहिला प्रश्न विचारला, "किराया किती लागते?" आणि दुसरा, "तिथं आपल्याकडचं कोण हाये?" उत्तर तयार होते. दिघोरीला गावातली चार पोरे एका खोलीत राहत होती. वाट्याला दीड हजार. शेजारी गावच्याच काकू, वेळेला भाकर-भाजी द्यायच्या. भाऊ म्हणाला, "ताई, याच्याहून चांगलं काय भेटन?" आणि मीही हो म्हटले. मी त्याच्याआधी तीन वर्षे नागपुरात राहत होते, मला कळायला हवे होते.

कारण दिघोरी आहे उमरेड रोडवर, शहराच्या आग्नेयेला. हिंगणा एमआयडीसी आहे नैर्ऋत्येला. मधे सगळा रिंग रोड.

आमची माणसे दिघोरी, हुडकेश्वर, नंदनवन, मानेवाडा याच भागात का सापडतात, याचा मी नंतर विचार केला. नागपूरच्या रस्त्यांची नावे पाहा. उमरेड रोड, भंडारा रोड, काटोल रोड, अमरावती रोड, छिंदवाडा रोड, वर्धा रोड. शहराने आपल्या रस्त्यांना गावांची नावे दिली आहेत आणि त्या त्या रस्त्याच्या तोंडाशी त्या त्या बाजूचे लोक उतरले आहेत. आमच्या बाबांच्या तरुणपणी नागभीडहून भिवापूर, उमरेड करत छोट्या लाइनची गाडी इतवारीला जायची. माणूस इतवारीला उतरला की पूर्व नागपुरातच कुठेतरी टेकायचा. ती छोटी लाइन २०१९ मध्ये मोठ्या लाइनच्या कामासाठी बंद झाली, पण टेकायची सवय तशीच राहिली. पोरगा शहरात गेला की तो गावाकडच्या तोंडाशी राहतो. काम मात्र आता त्या तोंडाशी नाही. ते हिंगण्यात आहे, विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पात आहे, बुटीबोरीच्या एमआयडीसीत आहे.

(दृश्य: रिंग रोड, दुचाकीवरून घेतलेले चित्रण. कागदावर पेनाने केलेला हिशेब.)

तिसऱ्या महिन्यात भाऊ वाळला. तेव्हा आम्ही दोघे कागद घेऊन बसलो. दिघोरीहून कंपनीचे गेट जवळपास १६ किलोमीटर. जाऊन-येऊन ३२. महिन्याच्या २६ ड्युट्या म्हणजे ८३२ किलोमीटर. गाडी लिटरला ५० देते असे धरले, पेट्रोल १०४ रुपये धरले. महिन्याला १,७३० रुपये. यात ऑइल नाही, टायर नाही, पंक्चर नाही. वानाडोंगरीला, कंपनीच्या बाजूला, खोलीचा वाटा २,८०० रुपये सांगत होते. म्हणजे १,३०० रुपये जास्त, म्हणून आम्ही ती नाकारली होती. दिघोरीची स्वस्त खोली आम्हाला दर महिन्याला ४३० रुपयांनी महाग पडत होती.

आणि वेळ? एका बाजूने पन्नास मिनिटे. महिन्याला ४३ तास. त्याच्या आठ तासांच्या पाच ड्युट्या होतात त्यात. पगार नसलेल्या पाच ड्युट्या, त्याही हेल्मेटच्या आत, मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना. तीनची पाळी लागली की दुपारी दोनला तोंडाला दुपट्टा बांधून तो रिंग रोडने निघायचा. त्या आठवड्यांत आईने त्याला फोनवर कधी जेवलास का विचारले नाही. तिचा पहिला प्रश्न असायचा, "पोचला का?"

हा हिशेब प्रत्येकाने स्वतःच्या कागदावर करावा, असे मला मनापासून वाटते. आकडे तुमचे घाला. किराया, लाइटबिल, पेट्रोल किंवा पास, आणि शेवटी तास. तासांची ओळ कुणी लिहीत नाही.

(दृश्य: मेट्रोच्या डब्यातून दिसणारे शहर.)

तुम्ही म्हणाल, नागपुरात मेट्रो आहे ना. आहे, आणि चांगली आहे. ७ मार्च २०१९ ला खापरी ते सीताबर्डी पहिल्यांदा धावली, ११ डिसेंबर २०२२ ला पहिला टप्पा पूर्ण झाला. नकाशावर तिचा आकार अधिकच्या चिन्हासारखा आहे. ऑरेंज लाइन उत्तरेच्या ऑटोमोटिव्ह चौकातून दक्षिणेला खापरीपर्यंत. ॲक्वा लाइन पूर्वेच्या प्रजापती नगरातून पश्चिमेला लोकमान्य नगरपर्यंत. दोन्ही सीताबर्डीला एकमेकींना छेदतात.

आता या चिन्हावर दोन ठिपके ठेवा, एक खोलीचा आणि एक ड्युटीचा. दोन्ही एकाच रेघेवर आले तर मेट्रो तुमची. दिघोरीचा ठिपका कुठल्याच रेघेवर येत नाही. भावाने एकदा करून पाहिले. दिघोरीहून ऑटोने छत्रपती चौक, तिथून ऑरेंज लाइनने सीताबर्डी, तिथे गाडी बदलून लोकमान्य नगर, पुढे पुन्हा ऑटो. शहराच्या पोटात जायचे आणि पुन्हा बाहेर यायचे. दुचाकीपेक्षा वीस मिनिटे जास्त लागली.

दुसरी गोष्ट पाळीची. मेट्रो सकाळी सहाच्या सुमारास सुरू होते, रात्री दहाच्या सुमारास थांबते. भावाच्या कंपनीत पाळ्या सात ते तीन, तीन ते अकरा, अकरा ते सात. रात्री अकराला सुटणाऱ्याला मेट्रो नाही, शहर बसही नाही. ऑफिसच्या दहा ते सहाला जी वस्ती सोयीची, ती पाळीवाल्याला सोयीची नाही. म्हणून पाळ्या असतील तर मी एकच सल्ला देते: गेटपासून सायकलने जाता येईल इतक्या अंतरात राहा. हिंगण्याला कामाला असाल तर वानाडोंगरी, डिगडोह, निलडोह, इसासनी, लोकमान्य नगर. वानाडोंगरीत इंजिनिअरिंग कॉलेजमुळे मुलांच्या खोल्या आणि मेस भरपूर, पण जूनपासून गर्दी होते. एप्रिल-मेमध्ये शोधलेले बरे.

रात्रपाळीच्या माणसाने आणखी एक पाहावे. तो दिवसा झोपतो. छत टिनाचे असेल तर मे महिन्यात दुपारी बारानंतर त्या खोलीत कूलर लावूनही झोप लागत नाही. झोप न झालेला माणूस रात्री मशिनवर उभा राहतो. स्लॅबची खोली आणि कूलर बसेल अशी खिडकी, यासाठी तीनशे-चारशे जास्त द्यावे लागले तर द्या.

मिहानचे गणित वेगळे आहे. तिथे मोठ्या आयटी कंपन्या आहेत, एम्स आहे. लोकांना वाटते खापरी स्टेशनला उतरलो की पोचलो. कॅम्पस आत, दूर आहेत. स्टेशनवरून पुढे काय मिळते, ते आधी पाहा. जयप्रकाश नगर, उज्ज्वल नगर, सोमलवाडा हा पट्टा ऑरेंज लाइनला लागून आहे, किराया चढा आहे. मनीष नगर, बेसा, बेलतरोडीकडे खोली मोठी आणि स्वस्त मिळते, पण वर्धा रोडला यायला रेल्वेचे रूळ ओलांडावे लागतात. उड्डाणपूल आहे, तरी सकाळी साडेनऊला त्यावर उभे राहून पाहा.

बुटीबोरी शहरापासून तीसेक किलोमीटर. तिथल्या कामासाठी नागपुरात खोली घ्यायचे एकच कारण मला पटते, ते म्हणजे कंपनीची बस. ती कोणत्या चौकात थांबते हे विचारा आणि त्या चौकाच्या आसपास खोली पाहा. पण त्याआधी हेही विचारा की ठेकेदाराच्या माणसाला त्या बसमध्ये चढू देतात का. माझ्या चुलतभावाने बसचा थांबा पाहून खोली केली आणि पहिल्याच सकाळी त्याला सांगितले, ही परमनंटवाल्यांची गाडी आहे. ॲडव्हान्स दिलेला होता. तो परत मिळाला नाही.

मेट्रोचा दुसरा टप्पा बुटीबोरी, हिंगणा, कन्हान आणि कापसीकडे जाणार आहे, ४३.८ किलोमीटरचा. २०२२ च्या डिसेंबरात तो मंजूर झाला. घरमालक आजच सांगतात, "समोरूनच मेट्रो जाणार हाये." ज्या दिवशी गाडी धावेल, त्या दिवशी त्या स्टेशनचा किराया द्या.

(दृश्य: नाग नदीकाठची वस्ती. भिंतीवरची पाण्याची खूण.)

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात ढगफुटीसारखा पाऊस झाला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरांत शिरली, मोरभवनच्या बसस्थानकात गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. अंबाझरी, धरमपेठ, शंकर नगर या जाण्यायेण्याला उत्तम असलेल्या वस्त्यांतही तळमजल्यांत पाणी भरले. खोली पाहायला गेलात की घरमालकाला नाही, समोरच्या किराणावाल्याला विचारा, त्या रात्री इथे पाणी कुठपर्यंत आले होते. तो हात कमरेला लावून दाखवील किंवा मान हलवील.

(दृश्य: संध्याकाळ. स्टेशनच्या जिन्याने उतरणारी मुलगी, मागून चित्रण.)

मुलींबद्दल मला थोडे थांबून बोलायचे आहे. आमच्याकडे मुलीला खोली पाहताना आई-वडील घर पाहतात, घरमालकीण पाहतात, दाराची कडी पाहतात. मी पहिल्या वर्षी जिथे राहिले तिथे हे सगळे चांगले होते. स्टॉपपासून खोलीपर्यंतचे पाचशे पावलांचे अंतर कुणी पाहिले नाही. एका बाजूला रिकामा प्लॉट, बाभळी, दोन खांबांवरचे लाइट बंद. हिवाळ्यात सहालाच अंधार पडायचा. मी आईशी फोनवर बोलत चालायचे, आणि तिला वाटायचे पोरीला करमत नाही. खरे कारण मी तिला चार वर्षांनी सांगितले. ती तेव्हा काहीच बोलली नाही, उठून चहा ठेवायला गेली.

मुलीसाठी खोली पाहायची तर रात्री साडेआठला स्टॉपवर उतरून त्या खोलीपर्यंत चालत जा. आईलाही सोबत न्या.

आणि दुसऱ्या कुणासाठीही, रविवारी जाऊ नका. रविवारी सगळेच रस्ते मोकळे असतात, सगळेच चौक जवळ वाटतात. आमच्या दोन्ही चुका रविवारच्या होत्या. मंगळवार-बुधवारचा दिवस घ्या. ज्या खोलीत राहायचे तिच्या दारातून पाळीच्या वेळेला निघा, ज्या साधनाने रोज जाणार त्यानेच गेटपर्यंत जा, आणि सुटायच्या वेळेला परत या. एक दिवसाची मजुरी बुडेल. पण घर बदलायला ट्रॅक्टर-ट्रॉली, नवा ॲडव्हान्स आणि मोडलेला महिना यापेक्षा ती कमीच.

(दृश्य: शनिवार दुपार. वानाडोंगरीतली खोली. भाऊ पिशवी भरतो आहे.)

भाऊ आता वानाडोंगरीला राहतो. सायकलने बारा मिनिटांत गेट. बाबांना सुरुवातीला रुचले नाही. म्हणाले, "गावापासून आणखी लांब गेला तू." नकाशात बाबांचे बरोबर होते. पण आमच्या माणसाला शहरात दोन वाटा सांभाळाव्या लागतात, रोजची ड्युटीची आणि आठवड्याची घरची. वानाडोंगरीतून लोकमान्य नगर स्टेशन जवळ. तिथून ॲक्वा लाइन, गाडी न बदलता, सीताबर्डीच्या पुढचे कॉटन मार्केट. तिथे उतरून चालत गणेशपेठ बसस्थानक. ब्रह्मपुरी, गडचिरोलीच्या गाड्या उमरेड, भिवापूरवरूनच जातात. तीनला सुटला की दिवे लागायच्या सुमारास तो फाट्यावर असतो. पूर्वी दिघोरीहून तो शनिवारी इतका थकलेला असायचा की तीनपैकी दोन आठवडे गावी यायचाच नाही.

(दृश्य: गावातले घर. अंगणात वाळत घातलेली मिरची. बाजेवर बाबा.)

परवा शेजारची पोरगी पेढे घेऊन आली. मिहानमध्ये कामाला लागली. बाबांनी पेढा हातात धरला आणि विचारले, "ड्युटी कितीची हाये, बेटा?"

ती म्हणाली, "दोन पाळ्या हायेत, काका. दुसरी रात्री दहाला सुटते."

"मंग मेट्रो नाही भेटत तुले. कंपनीची गाडी कोन्त्या चौकापर्यंत सोडते, ते विचारलं का?"

तिने विचारले नव्हते. बाबांनी माझ्याकडे पाहिले. येत्या मंगळवारी मी आणि तिची आई, दोघी तिच्यासोबत नागपूरला जाणार आहोत. साडेपाचच्या गाडीने.