गिटार खाली ठेवलेल्या गिटारवाल्यांबद्दल

तर मंडळी, विषय दिलाय 'बँड आपला साउंड का बदलतो', आणि रेडिओहेड या ब्रिटिश रॉक बँडचं नाव घेतल्यावर निम्म्या माना डोलल्या, म्हणजे त्यांच्या 1997 च्या 'ओके कंप्युटर' अल्बमची ओळख करून द्यायला नको. तो जगभर गाजला, टूर करकरून गायक थॉम यॉर्क पार पिचून गेला, गिटार हातात घेतली तरी काही सुचेना. मग त्याने एफेक्स ट्विन, ऑटेकर असलं इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकायचा सपाटा लावला आणि ऑक्टोबर 2000 मध्ये आला पुढचा अल्बम 'किड ए'.

आता माझी तक्रार. जिथे बघाल तिथे लिहिलेलं असतं, थॉमने ठरवलं आणि बँड बदलला. अहो, बाकीचे चौघं काय करत होते? एड ओब्रायन गिटारिस्ट, शाळेपासूनचा दोस्त, आणि त्याला कळतं की नव्या गाण्यांत गिटारला कामच नाहीये! फिल सेल्वे ड्रमर, तर समोर ड्रम मशीन. पॅरिस झालं, कोपनहेगन झालं, ग्लोस्टरशायर झालं, गाणी काही पुरी होईनात. अल्बमवर एकमत झालं नाही तर बँड बंद करायचा, इथपर्यंत बोलणी गेली होती. मग प्रोड्यूसर नायजेल गॉडरिचने त्यांचे दोन गट पाडले, वेगवेगळ्या खोल्यांत बसवले, गिटार-ड्रमला हात लावायचा नाही, एका गटाने आवाज तयार करायचे, दुसऱ्याने त्यातून गाणं उभं करायचं. मला या सगळ्या कहाणीत ही खोली सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण तिथे एडसारखा माणूस परत शिकाऊ झाला.

'किड ए'मधल्या 'इडियोटेक' गाण्याचं बघा. बँडचा दुसरा गिटारिस्ट जॉनी ग्रीनवुडने सिंथेसायझरवर वगैरे प्रयोग करून जवळपास 50 मिनिटांचं रेकॉर्डिंग थॉमला दिलं. थॉम ते ऐकत बसला, त्यातला एक छोटासा तुकडा उचलला, त्यावर गाणं बांधलं. त्यातले ते चार कॉर्ड मूळचे पॉल लान्स्की या अमेरिकन संगीतकाराचे, 1973 मध्ये प्रिन्स्टनला आयबीएमच्या खोलीएवढ्या कंप्युटरवर केलेल्या रचनेतले! रीतसर परवानगी घेतली, नाव दिलं. विचार करा, पन्नास मिनिटं वाजवायची आणि त्यातला बाकीचा सगळा भाग दोस्ताने सोडून दिला तरी तोंड वाकडं करायचं नाही. आपल्याकडे कोणाची चार ओळींची चाल बदलून बघा, दोन दिवाळ्या बोलणार नाही!

अजून एक सांगायचंच आहे, ऑन्द मार्तनो. 1928 चं फ्रेंच इलेक्ट्रॉनिक वाद्य, बोटात अंगठी घालून तार सरकवायची, दुसऱ्या हाताने आवाज कमी-जास्त करायचा. आपल्या कानाला ती थेट मींडच वाटते. जॉनीने शाळेत असताना फ्रेंच संगीतकार मेसियांच्या सिम्फनीत हे वाद्य ऐकलं होतं, ते इथे आणलं. हाच जॉनी 2015 मध्ये जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात राजस्थानी कलाकारांबरोबर रेकॉर्डिंगला बसला होता, तो वेगळ्या संध्याकाळचा विषय आहे, पण ऐका जरूर.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिलीत, म्हणजे मूळ मुद्दा भरभर सांगतो. कंटाळा आला म्हणून साउंड बदलला तर तो एका गाण्यापुरता टिकतो. बदल टिकतो तो बँडमधल्या प्रत्येकाला नवं काम सापडलं तर. 'किड ए'मधून एकही सिंगल, म्हणजे सुटं गाणं, काढलं नाही, तरी तो ब्रिटन-अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेला, ते ठीकच आहे. माझा पुरावा पुढचा आहे. याच सेशन्सची उरलेली गाणी 2001 च्या 'अम्नेसियाक'मध्ये आली, आणि 2007 च्या 'इन रेनबोज'मध्ये गिटार परत आली ती कशी बघा, 'वियर्ड फिशेस'मध्ये गिटारी एकमेकींत गुंफत जातात, कोणीही पुढे घुसत नाही, सोलोचा हट्ट नाही, फिलचे ड्रम तर मशीनसारखे नेमके आणि तरी जिवंत. हे 1997 च्या बँडला जमलं नसतं असं माझं ठाम मत आहे. ते गाणं आता लावतोय, मागच्यांनी जरा पुढे या, स्पीकर या बाजूलाच आहेत.