तळपायाची आग आणि मांजर

तळपायाची आग मस्तकात गेली, असं आपण म्हणतो. आज ठाण्यात या सभागृहाकडे येताना माजिवड्याला माझ्या रिक्षावाल्याचीही गेली. पुढची गाडी हलेना, आणि हा हॉर्नवरचा हात काढेना. मेंदूच्या दृष्टीने मात्र आग उलटी जाते. मस्तकातून निरोप निघतो, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी ॲड्रेनलिन सोडतात, छाती धडधडते. तळपायाचा नंबर शेवटी.

हा निरोप निघतो कुठून? झुरिकचे वॉल्टर हेस यांनी मांजरांच्या मेंदूत बारीक तारा बसवल्या होत्या. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग आहे. तिथे एका ठिकाणी सौम्य वीज सोडली, की शांत बसलेलं मांजर केस फुलवायचं, कान मागे टाकून फिस्कारायचं, जवळ असेल त्याच्या अंगावर जायचं. वीज बंद, मांजर शांत. 1949 साली हेस यांना नोबेल मिळालं.

पुढची गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. 1962 मध्ये वासमन आणि फ्लिन यांना हायपोथॅलॅमसमध्येच, थोड्या बाजूला, दुसरी जागा सापडली. तिथे वीज दिली की मांजर फिस्कारत नाही, केस फुलवत नाही. गुपचूप जातं आणि उंदराची मान धरतं. म्हणजे हल्ला आहे, पण राग दिसत नाही. थंड डोक्याने कट करणारा आणि भर रस्त्यात कॉलर धरणारा यांना आपण एकाच मापाने मोजतो, तेव्हा हे मांजर आठवावं.

2011 मध्ये कॅलिफोर्नियात नर उंदरांच्या हायपोथॅलॅमसमधल्या मोजक्या पेशी प्रकाशाने चेतवल्या. उंदीर मादीवर तुटून पडला, इतकंच काय, फुगवलेल्या हातमोज्यावरही! हातमोज्याने त्याचं काय घोडं मारलं होतं?

आपल्यात कपाळामागचा मेंदूचा भाग या साऱ्याला बऱ्यापैकी आवर घालतो. झोप झाली नसेल किंवा पोटात दारू असेल, तर तो आवर सैल पडतो. हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता कुकरकडे वळू. ‘मनात ठेवू नकोस, वाफ जाऊ दे,’ हा सल्ला घरोघरी मिळतो. मीही दिलाय. 2002 मध्ये ब्रॅड बुशमन यांनी 600 विद्यार्थ्यांवर तो तपासून पाहिला. आधी प्रत्येकाच्या निबंधावर अगदी लागेल असा शेरा मारला. मग काहींना सांगितलं, शेरा मारणाऱ्याला डोळ्यांपुढे आणा आणि पंचिंग बॅगवर ठोसे हाणा. काहींनी व्यायामाचा विचार करत ठोसे मारले. बाकीचे दोन मिनिटं नुसते बसून राहिले.

आक्रमकता कशी मोजली, तेही ऐका. एका खेळात समोरच्याच्या कानात कर्कश आवाज सोडायचा; किती मोठा आणि किती वेळ, हे ज्याचं त्याने ठरवायचं. आमच्या माजिवड्याला हे यंत्र प्रत्येक गाडीत बसवूनच मिळतं.

शत्रू डोळ्यांपुढे आणून ठोसे मारणारे सगळ्यात जास्त चिडलेले निघाले, आणि आवाजही त्यांनीच सगळ्यात जास्त सोडला. सगळ्यात कमी कोणी सोडला? नुसते बसले होते, त्यांनी.