वस्तीचा नकाशा वस्तीनेच काढावा

अध्यक्ष महोदय, मंडळाचे कार्यकर्ते आणि बंधुभगिनींनो,

न्यूयॉर्कच्या जॅक्सन हाइट्समध्ये ३५व्या अव्हेन्यूवर रस्त्याच्या नावाची एक वेगळी पाटी आहे. तिच्यावरील प्रत्येक अक्षराला एक लहान आकडा जोडलेला आहे, कारण प्रत्येक अक्षराला ठरावीक गुण देऊन शब्द जुळवण्याचा स्क्रॅबल हा खेळ रचणारे वास्तुविशारद आल्फ्रेड बट्स याच वस्तीत राहत होते. आपल्यापैकी बरेच जण तिथल्या ७४व्या रस्त्यावर मसाले, डाळी आणि कपडे घेण्यासाठी वर्षानुवर्षे जात आले आहेत. तरीही पिशव्या भरून परतताना ही वस्ती आपण किती पाहिली, हे मला आज विचारावेसे वाटते.

वस्ती समजून घेण्याचे एक उत्तम साधन म्हणजे तिथल्या रहिवाशांबरोबर बसून केलेले आरेखन. ब्रुकलिनमधील ‘सेंटर फॉर अर्बन पेडॅगॉजी’ ही संस्था असे काम सातत्याने करत आली आहे. फेरीवाल्यांसाठीचे शहराचे नियम कायद्याच्या जड इंग्रजीत होते आणि ते न कळल्यामुळे गाडी चार पावले इकडेतिकडे झाली तरी दंड भरावा लागे. या संस्थेने फेरीवाल्यांच्या संघटनेला आणि कँडी चँग या आरेखनकर्तीला एकत्र आणले, आणि २००९ मध्ये ‘व्हेंडर पॉवर’ हे घडीचे भित्तिपत्रक तयार झाले. दुकानाच्या दारापासून २० फूट अंतर म्हणजे नेमके कुठे, हे त्यात चित्रातून दिसते, आणि सोबतचा मजकूर बंगाली, चिनी, अरबी, स्पॅनिश व इंग्रजी भाषांत आहे. ज्याला दंड होतो त्यालाच विचारून काढलेले चित्र उपयोगी पडते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

याच्या नेमके उलट उदाहरण एकोणिसाव्या शतकातील लंडनचे आहे. सामाजिक संशोधक चार्ल्स बूथ यांच्या गरिबीच्या नकाशात रस्त्यांना सात रंग दिलेले होते आणि सर्वांत खालच्या वर्गासाठी काळा रंग होता. तो अभ्यास अत्यंत कष्टाने केलेला होता, परंतु आपल्या गल्लीला कोणता रंग मिळावा, हे ठरवण्यात तिथल्या रहिवाशांचा हात नव्हता.

म्हणून माझा प्रस्ताव असा आहे की मंडळाने आपल्या तरुण मुलांची वस्तीचा नकाशा काढण्याची एक कार्यशाळा जॅक्सन हाइट्समध्ये, तिथल्या नेपाळी, बंगाली आणि लॅटिन अमेरिकी शेजाऱ्यांच्या सहभागाने भरवावी. देवनागरी शिकलेली आपली मुले नेपाळी पाट्या वाचू शकतील. ओळख वाढवायला तेवढे निमित्त पुरेसे आहे. आरंभी संगणक बंद ठेवून फक्त चालावे, पाट्यांची अक्षरे हाताने उतरवून घ्यावीत, आणि रूझवेल्ट अव्हेन्यूवर डोक्यावरून जाणाऱ्या रेल्वेखाली कोण कुठे उभे राहून विक्री करतो, हे त्यांच्याशी बोलून टिपावे. खाद्यपदार्थ आणि झेंडे शेजारी मांडून विविधता दाखवण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा, कारण त्यातून पाहुण्याला नवे काही कळत नाही आणि रहिवाशाच्या तर ते काहीच कामाचे नसते.

कच्चा नकाशा तयार झाला की तो भिंतीवर लावून दुकानदार आणि फेरीवाल्यांच्या हाती पेन्सिल द्यावी. कार्यशाळेतील सर्वांत महत्त्वाची पायरी हीच असल्यामुळे तिच्यासाठी भरपूर वेळ राखून ठेवावा, आणि त्यांनी खोडलेले आपल्याला कितीही आवडत असले तरी काढून टाकावे. दोन रंगांची साधी छपाई पुरेल. पहिल्या प्रती त्यांनाच द्याव्यात, आणि नकाशावर आपल्या मंडळाच्या नावाआधी त्यांची नावे, त्यांची संमती असेल तर, छापावीत.