भाऊ वाकून बघतात

(सकाळ, चालत्या रिक्षातून)

कोल्हापुरात मिरजकर तिकटीपासून बिंदू चौकापर्यंत चालत या आणि वाटेत किती चेहरे तुमच्याकडे बघून हसले ते मोजा. माणसांचे नाही ओ, फ्लेक्सवरचे. वाढदिवस, निवड, फेरनिवड, परत वाढदिवस. पांढरा शर्ट, कपाळाला टिळा, हात जोडलेले, खाली पासपोर्ट साइजचे तीसेक कार्यकर्ते. आणि त्याच्याही खाली खड्डा, खड्ड्यात पावसाचं पाणी. हे सगळं एकाच फ्रेममधे मिळालं, आम्हाला कॅमेरा हलवावासुद्धा लागला नाही.

(शिवाजी पेठ, माडीवरची खोली)

हे काका. नाव सांगायचं नाही आणि तोंड दाखवायचं नाही या बोलीवर शूटिंगला तयार झाले, त्यामुळं तुम्हाला दिसणार ते फक्त हात. पण हात बघा. ह्या हातांनी थेटरांवरचे बॅनर रंगवलेत, वीस-वीस फुटी चेहरे, डोळ्यातली बाहुली जेवायच्या ताटाएवढी. छोट्या फोटोवर पेन्सिलीनं चौकोन आखायचे, कापडावर तेवढेच मोठे चौकोन, आणि मग एकेक चौकोन उतरवत जायचं, जवळून बघितलं तर नुसते रंगाचे फराटे आणि रस्त्याच्या पलीकडं गेलं की हिरो. मग फ्लेक्स आला. रात्री छापला, सकाळी लावला. काकांचं काम गेलं.

तसा हा हात कोल्हापूरला नवा नाही. बाबूराव पेंटर, १८९० ते १९५४, नाटकाचे पडदे रंगवत रंगवत सिनेमात आले, कॅमेरा विकत मिळत नव्हता तर घरीच बनवला, आणि १९२५ मधे सावकारी पाश काढला, जमीन सावकाराच्या घशात गेलेला शेतकरी पडद्यावर आणला. म्हणजे इथला पेंटर नुसता सजावटीपुरता कधीच नव्हता, जाहिरातही तोच रंगवायचा आणि जाबही तोच विचारायचा. आता जाहिरात मशीननं नेली. जाब तेवढा उरलाय.

(लाईट बॉक्स, क्लोजअप)

काकांचा पुतण्या अ‍ॅनिमेशन शिकलाय. दोघं मिळून या फ्लेक्सवरच एक छोटी अ‍ॅनिमेशन फिल्म बनवतायत. हा लाईट बॉक्स त्यानं प्लायवूड, काच आणि आत एलईडीची पट्टी टाकून बनवला. कागदांना वरच्या बाजूला भोकं पाडून ते खुंट्यांत अडकवायचे म्हणजे एकावर एक तंतोतंत बसतात. खालच्या कागदावरचं चित्र काचेच्या उजेडात वर दिसतं, ते बघून पुढचं काढायचं, केसभर सरकवून. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम मागतो, पण एक चित्र दोन फ्रेम धरलं तर १२ चित्रांत भागतं. फिल्म ४० सेकंदांची. करा हिशोब, ४८०.

महत्त्वाच्या पोझ काका काढतात, मधली चित्रं पुतण्या भरतो. रंग, स्कॅन, जोडणी सगळं फुकटातल्या सॉफ्टवेअरवर, जुन्या लॅपटॉपवर, जो दर अर्ध्या तासानं गरम होऊन बसतो आणि मग दोघं चहाला जातात. (चहाचा शॉट घेतला होता, लांबला म्हणून काढला.)

आपल्याकडं हा खेळ जुना आहे तसा. दादासाहेब फाळक्यांनी आगकाड्या एकेक फ्रेमला सरकवून त्यांना नाचवलं होतं. म्हणजे वस्तू हलवायला मशीन लागतंच असं नाही, चिकाटी लागते.

(फिल्ममधला सीन)

गोष्ट एवढीच. चौकात मोठा फ्लेक्स, त्याच्यामागं सिग्नल झाकलेला. गाड्या एकमेकांत अडकल्यात, कुणाचं लक्ष नाही. फ्लेक्सवरच्या भाऊंना खाली काहीतरी चमकताना दिसतं. ते फ्लेक्समधूनच कमरेत वाकतात. खाली खड्डा. आपल्याला वाटतं, चला, बघितला एकदाचा. पण भाऊंना खड्डा दिसतच नाही, पाण्यात स्वतःचा चेहरा दिसतो. खूष होतात. केस नीट करतात. आणि त्या प्रतिबिंबालाच हात जोडतात.

एकही शब्द नाही यात. शि. द. फडणीसांची चित्रं आठवतात ना, निपाणीकडच्या भोज गावचा माणूस, ओळ न लिहिता अख्खा महाराष्ट्र हसवला. तीच शिस्त. शब्द घातले असते तर पक्ष कळला असता, पक्ष कळला की अर्धे लोक हसायचेच बंद. चेहरा पण मुद्दाम कुणाचाच नाही. काकांनी चार मिशा काढून बघितल्या आणि चारही खोडल्या, कारण प्रत्येक मिशी कुणाची ना कुणाची निघत होती.

व्हिडिओ टाकला, फिरला, चौथ्या दिवशी फोन आला, तो आमचाच फोटो आहे म्हणून, आणि पुतण्यानं व्हिडिओ काढून टाकला. २०१२ ला मुंबईत असीम त्रिवेदी या व्यंगचित्रकाराला थेट राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली होती, त्यामानानं फोन म्हणजे काहीच नाही म्हणायचं.

(रात्र, गल्ली)

हा पडदा म्हणजे घरातली पांढरी चादर. प्रोजेक्टर मंडळाचा, देखाव्यासाठी घेतलेला. वायर तिसऱ्या घरातून आणलीय, ती ओलांडताना दोन जण अडखळले. पुढं पोरं पोत्यावर, मागं बायका उंबऱ्यावर, आणि एक आजोबा खुर्ची घेऊन अगदी मधोमध, हलायला तयार नाहीत. काका सगळ्यात मागं, भिंतीला टेकून. बोली ठरल्याप्रमाणं आम्ही त्यांच्या फक्त हातांवर कॅमेरा ठेवलाय.

भाऊ वाकले. हसू ऐका.

आता तो पुढचा बारका पोरगा उठेल, प्रोजेक्टरच्या उजेडात जाऊन उभा राहील, त्याची सावली भाऊंच्या पोटावर पडेल आणि तोही हात जोडेल. इथून पुढं निवेदन नाही, आवाज गल्लीचाच ठेवलाय.