लाभ, एरड, मूर

मंडळी, नमस्कार. मला विषय दिलाय ‘घरचे संस्कार आणि माणसाची दृष्टी’. पत्रिकेत तो छापलेला बघितला आणि जरा दचकलोच. संस्कार म्हटलं की आपल्याला शुभंकरोति, पाढे, थोरांच्या पाया पडणं आठवतं. ते सगळं मीही केलं. पण त्यातनं माझी दृष्टी घडली असं काही मला छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

माझं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं, भाताचं. आज्जीचं माहेर बैलहोंगलकडचं, कन्नड. सुगीत ती भात मोजायला बसायची. आपल्यात पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. आज्जी लाभ म्हणायची आणि पुढं थेट एरड, मूर, नाक, ऐद. लाभ सासरचा, बाकीचे आकडे माहेरचे. आम्ही भावंडं कधी हसलो नाही, कारण यात हसण्यासारखं काही आहे हेच ठाऊक नव्हतं. शाळेत गुरुजींनी लाभाच्या जागी एक आणि एरडच्या जागी दोन म्हणायला लावलं, तेव्हा कळलं की आपल्या घरात दोन भाषा नांदतात.

मी संस्कार म्हणतो तो हा. शिकवणाऱ्याला पत्ता नाही, शिकणाऱ्यालाही नाही. आपण भाताबरोबर तूप वाढतो, कन्नड घरात तुप्प वाढतात. अण्णा, अक्का तर आपण कधी मागून आणले तेही विसरलो. आपल्या वाक्याच्या शेपटाला लागणारा ‘की’ पुण्याला गेलं की ओळखपत्रासारखा पुढं येतो. ‘बसा की’, ‘येतो की’. एकदा तिथल्या एकानं माझी मराठी सुधारायला घेतली. मी सुधारू दिली. चहा त्याचा होता.

इथं कालगणनासुद्धा शेजारधर्म पाळते. बेळगावची परंपरेनं चालत आलेली शिवजयंती वैशाख शुद्ध द्वितीयेची. दुसऱ्या दिवशी, अक्षय तृतीयेला, बसव जयंती. आज्जी दोन्हीसाठी एकदाच अंगण सारवून ठेवायची. तिच्या लेखी ती काटकसर होती, समन्वय वगैरे नव्हे.

आता बेळगावाजवळच्या सुळेभावीचं बघा. १९२४ साली तिथं शिवपुत्र कोमकली जन्मले, आपले कुमार गंधर्व. घर कन्नड, वडील गाण्यातले. मुंबईत देवधर मास्तरांकडं शिकले. पुढं क्षयानं गाठलं आणि देवासला अंथरुणाला खिळले. त्या पडून राहण्यात त्यांनी काय केलं? कानावर येणारी माळव्यातली लोकगीतं ऐकली. मुलूख परका, बोली परकी. नंतर ते कबीर गायले, तुकाराम गायले. सीमाभागानं त्यांना घडवलं असा दावा मी करणार नाही, तसे दावे आपल्याकडं फार होतात. पण लहानपणी जो दुसरी भाषा ऐकत वाढतो, त्याचा कान तिसऱ्या भाषेला लगेच मिटत नाही, एवढं मला वाटतं.

इथवर गोड होतं. आता आमच्या घरातलं दुसरं सांगतो.

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. शेजारचा चंदगड तालुका मात्र मुंबई राज्यात राहिला. आप्पा, म्हणजे माझे वडील, तेव्हा दहा वर्षांचे. त्यांच्या आत्याचं सासर चंदगडात, म्हणजे आत्या एका राज्यात आणि भाचा दुसऱ्या. पुढं जन्मभर आप्पांनी १ नोव्हेंबरला निषेधाचा काळा दिन पाळला. शेजारचे मास्तर त्याच दिवशी दारात कन्नडचा लाल-पिवळा झेंडा लावायचे. त्या दिवशी दोघं बोलत नसत. दुसऱ्या दिवशी मास्तर ओसरीवर आले की आप्पाच म्हणायचे, ‘बर्री, कुंद्री.’ म्हणजे या, बसा. मला ते फार मोठं वाटायचं. माझ्या धाकट्या भावाला लाचारी वाटायची.

एकाच ताटात जेवलेले आम्ही दोघं. मी कन्नड वाचायला शिकलो, दोन्हीकडच्या लोकांत रमलो. त्याला कन्नड येतं, पण तो बोलत नाही. कित्येक वर्षं मी त्याला हेकट म्हणत आलो.

मग एकदा त्यानं सांगितलं. तो बारा वर्षांचा असताना आप्पांबरोबर एका सरकारी कचेरीत गेला होता. अर्ज कन्नडमध्ये. आप्पांना बोलता यायचं, वाचता येत नव्हतं. खिडकीतल्या माणसानं कागद परत ढकलला आणि चार लोकांत काहीतरी बोलला. आप्पा हसले. भाऊ म्हणाला, ‘ते हसले ना, ते मला सोसलं नाही.’

मी त्या दिवशी शाळेत होतो. म्हणजे बघा, आज्जी एक, आप्पा एक, अंगण एक, आणि फरक पडला तो एका दुपारचा, घराबाहेर घडलेल्या. आईबाप आपल्याला काय सांगतात ते आपण विसरतो. त्यांच्याशी कोण कसं वागलं ते विसरत नाही. व्याख्यानांत आपण घराचा उंबरठा ओलांडतच नाही. मीही आजवर ओलांडला नव्हता.

भावाचं आता तांदळाचं दुकान आहे. दुकानात मराठी आणि अडल्यास हिंदी. गेल्या सुगीत त्याच्याकडं गेलो होतो. ट्रक उभा होता, हमाल पोती उतरवत होते आणि हा वही घेऊन दारात, भराभर मोजतोय. लाभ, एरड, मूर, नाक. मी बघतच राहिलो. म्हटलं, ‘अरे, हे काय?’

तो वैतागला. म्हणाला, ‘मग कसं मोजायचं? आज्जी असंच मोजायची की. बोलू नको, चुकतंय माझं.’